तोंडी परीक्षेतलं नाव

माझ्या नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहायला तशी कधीच हरकत नव्हती. पगारपत्रकावर, रेशनकार्डावर, आंतरदेशीय पत्राच्या पाठीवर ते मी शेकडो वेळा लिहिलं आहे. अडचण होती ती तोंडानं उच्चारायची. पण ज्या नावापायी माझं एवढं नुकसान झालं ते आता वाचणाऱ्याच्या हातात आयतं ठेवावं असं मला वाटत नाही. आणि एकाचं द्यायचं नाही म्हटल्यावर बाकीच्यांची तरी कशाला? ज्यांना स्वतःला ओळखायचं असेल ते ओळखतील.

मी प्राथमिक शाळेत बाई होते. माहेर साताऱ्याजवळचं, सासर कडेगावच्या बाजूचं. सासरी ऊस, दोन म्हशी, सासूबाई आणि फौजेतला नवरा, म्हणजे घरात नसलेला नवरा. माझी नेमणूक मात्र आटपाडीच्याही पलीकडे, माळावरच्या एका वाडीत होती. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. पाऊस नसला की अर्धी वाडी कळपांमागं निघून जायची आणि शाळेत भिंती उरायच्या. मला राहायला खोली नव्हती. शाळेच्याच आडोशाला चूल मांडून मी राहत होते. पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं, तेही असलं तर. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांची पोर कुठं ठेवणार? मुलगी सासूबाईंकडं असायची.

मला दीड-दोन महिन्यांनी एकदा घरी जायला मिळायचं. सुरुवातीला मी परत निघाले की ती रडायची, एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत. मग एकदा ती रडलीच नाही. आजीच्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि शेजारणीला करावा तसा मला टाटा केला. सासूबाईंना ती 'आई' म्हणायला लागली होती, कारण घरात सगळेच त्यांना आई म्हणायचे. मला ती 'बाई' म्हणायची, कारण गावात मला सगळे बाईच म्हणायचे. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, पोरीला शाळेत जायच्या आधीच शाळा कळली. मीही हसले. पुढं विट्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते आणि कंडक्टर तिकिटाला तिसऱ्यांदा हाक मारत होता.

त्या दिवसांत पाचवीपासून इंग्रजी शिकवायला शिक्षक पुरत नव्हते. आमच्या सासरच्या गावची शाळा मोठी, सातवीपर्यंतची, आणि तिथंही इंग्रजीची जागा रिकामी होती. मी बदलीसाठी पंचायत समितीत खेटे घालत होते. तिथल्या साहेबांनी एकदा वैतागून सांगितलं, इंग्रजीचा कोर्स पास होऊन या, गावची शाळा तुमची. मी ते वाक्य देवाच्या प्रसादासारखं पदरात बांधून घेतलं. पास झाले तर पोर माझ्याजवळ झोपणार होती. याहून जास्त काही मला त्या इंग्रजीकडून नको होतं.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या साली माझा नंबर लागला. वाडीतली पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली होती, त्यामुळं मला सोडायला कुणाची हरकत नव्हती. कोर्स सांगलीला, विश्रामबागेतल्या एका शाळेच्या इमारतीत. आम्ही चाळीसेक शिक्षक, त्यात बायका दहा-बारा. जतकडची एक बाई आणि मी अशा दोघींनी मिळून गावात हळदीच्या पेठेजवळ खोली घेतली. अंथरूण कितीही झटकलं तरी त्याला हळदीचा वास यायचा. ती म्हणायची, दोघींस्नी रोज हळद लागतीया, पण नवरदेव काय येत न्हाईत.

ही माझी जोडीदारीण धनगराच्या घरातली, तिच्या भावकीत शिकलेली पहिली. नवरा मेंढरांमागं कोकणापर्यंत जाणारा. माझ्याहून वयानं मोठी आणि जिभेनं दुप्पट मोठी. वर्गात मी आणि ती एकाच बाकावर बसायचो.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांचा बंगला विश्रामबागेतच होता, मिस्टर कॉलेजात प्रोफेसर. पातळ नेहमी इस्त्रीचं. त्या वाईट नव्हत्या. नुसत्या वाईट असत्या तर मी त्यांना केव्हाच विसरले असते. शिकवायच्या जीव ओतून. वर्गात मराठीचा एक शब्द बोलायचा नाही, सगळं विचारून आणि बोलून शिकायचं, अशी नवी पद्धत होती. पुस्तक मिटा, वर बघा, बोला.

आता हे 'वर बघा' आम्हाला कुठून जमणार? साताऱ्याला मी ज्या शाळेत शिकले तिथं मान खाली घालून ऐकणारी मुलगी शहाणी. मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवला की उद्धट म्हणून छडी. घरीही तेच. मोठी माणसं बोलत असताना आपण बोलायचं नाही, विचारलं तर थोडक्यात सांगायचं, आणि स्वतःबद्दल तर अजिबात सांगायचं नाही, स्वतःची टिमकी वाजवणं वाईट. इथं मॅडम एकेकाला उभं करून म्हणायच्या, लुक ॲट मी, आणि मग सांगायला लावायच्या की मी चांगली शिक्षिका आहे, मला गाता येतं, मला पोहता येतं. कोरेगावकडचे एक गुरुजी, केस पिकलेले, मॅडमच्या चेहऱ्याकडं बघून 'आय ॲम अ गुड टीचर' म्हणताना नवरीसारखे लाजले. त्यांना व्याकरण मॅडमपेक्षा कमी येत नव्हतं. पण मॅडम कागदावर लिहायच्या की यांना आत्मविश्वास नाही.

थँक्यूचा तर कहर होता. खडू दिला, थँक्यू. डस्टर दिलं, थँक्यू. आमच्याकडं घरच्या माणसाला आभारी आहे म्हटलं तर ते माणूस विचारतं, काय गं, मी परकी झाले का? मॅडमनी फळ्यावर लिहिलं की सुसंस्कृत माणूस दिवसातून अनेकदा थँक्यू म्हणतो. त्या संध्याकाळी मी जोडीदारणीच्या ताटात भाकरी वाढली तर ती हात जोडून म्हणाली, "थँक्यू. आता तू वेलकम म्हण, न्हाईतर मी अशीच बसती उपाशी." आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. हसायचे दिवस तेवढेच होते.

दुसऱ्याच आठवड्यात कुटुंबाचा धडा आला. वडिलांचं नाव, भावाचं नाव, गाव, काम. तिथपर्यंत आमची गाडी सुरळीत चालली. मग मॅडमनी बायकांच्या रांगेकडं वळून विचारलं, व्हॉट इज युवर हजबंड्स नेम? सांगली-मिरजेच्या दोघी-तिघींनी सांगून टाकलं, एकीनं जरा चाचरत. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

मॅडमना वाटलं मला वाक्य येत नाही. त्यांनी ते सावकाश म्हणून दाखवलं. तेवढ्यात जोडीदारीण उठली आणि खणखणीत आवाजात तिनं सांगितलं, हर हजबंड्स नेम इज अमुक अमुक. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही आणि मलाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पोस्टात आमचं असंच चालायचं. बरोबरची बाई किंवा कडेवरचं पोर नाव सांगायचं आणि समोरचा कारकून मुकाट लिहून घ्यायचा. आता तिची पाळी आली की मी तिच्या नवऱ्याचं सांगणार होते. फिटंफाट.

मॅडम मात्र नो नो म्हणाल्या, तिचं तिनंच सांगायचं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या वर्गात मराठी बोलल्या. म्हणाल्या, इंग्रजी शिकायचं तर हे असलं सगळं दाराबाहेर चपलांपाशी काढून यायचं. मी माझ्या मिस्टरांना नावानं हाक मारते, ते चांगले ठणठणीत आहेत. पुरुषांच्या बाकांवर हशा पिकला. तुमचे मिस्टर कॉलेजातून दुपारी जेवायला घरी येतात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं, आणि जे जे मी गिळलं त्याचाच मला आयुष्यभर राग आला.

कारण तेव्हा एकाहत्तरची लढाई होऊन वर्षच झालं होतं. त्या डिसेंबरात आमच्या गावात तारवाला दिसला की घरोघरीची चुलीपुढची बाई उठून दारात यायची. एक तार आमच्या घरावरून पुढं गेली आणि चौथ्या घरात थांबली. तिथली सून माझ्याच वयाची, नवऱ्याबरोबर छावणीत राहून आलेली. तिथं साहेबांच्या बायकांचं बघून ती नवऱ्याला लाडानं नावानं हाक मारायची, गावात आल्यावरही एक-दोनदा तिच्या तोंडून गेलं होतं. तेराव्यालाच बायका कुजबुजल्या की हिनं नाव घेऊन घेऊन त्याचं आयुष्य तोडलं. तिच्यासमोर, ती ऐकत असताना. मी शिकलेली होते. गोळी कुणाच्या बायकोला विचारून येत नाही, हे मला कळत होतं. पण ते माझ्या जिभेला कसं समजावायचं? नवरा अजून सरहद्दीवरच होता. ते नाव घ्यायचं म्हटलं की मला त्या सुनेचं पांढरं कपाळ दिसायचं.

सुटी झाल्यावर मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं आणि हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. निम्मं सांगून झालं असेल. त्या घाईत होत्या, रिक्षा फाटकापाशी उभी होती. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अहो, मग कुठलंही नाव सांगा," त्या म्हणाल्या. "मला वाक्य हवंय. तुमचा नवरा नकोय."

मला एवढं हलकं वाटलं की मी वाकून नमस्कारच करणार होते. एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही म्हणून मी स्वतःलाच वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवसापासून मी पाचवीच्या इंग्रजी पुस्तकातल्या मुलाचं नाव लावलं. पतंग उडवणारा, कुत्र्याला घेऊन बागेत जाणारा तो गोरागोमटा मुलगा माझा नवरा झाला. पहिल्या दिवशी सगळे हसले. मग सवय झाली. माझ्या नवऱ्याचं नाव अमुक, तो सोल्जर आहे, तो उंच आहे, तो सुटीवर येणार आहे, असं मी पाणी ओतावं तसं धडाधड म्हणायची आणि मॅडम म्हणायच्या, गुड. जोडीदारणीला हे पटलं नव्हतं. खोलीवर ती म्हणाली, आगं, नाव न घेणं येगळं आन् दुसऱ्याचं घेणं येगळं. मी तिला म्हटलं, इंग्रजीत कोण बघतंय?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोर्स संपताना लेखी परीक्षा झाली, ती मला सोपी गेली. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक साताऱ्याहून आले होते. निवृत्त हेडमास्तर, काळा कोट, काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. माझ्या माहेरच्या मुलखातले म्हणून मला उगाचच धीर आला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन समोर बसले आणि शिकवल्याप्रमाणे मान वर केली.

एवढी चांगली मी कधीच बोलले नव्हते. चित्रातल्या बाजाराचं वर्णन केलं, खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं, दुष्काळात वाडीतली विहीर कशी आटली तेही सांगितलं. हेडमास्तर टेबलावर बोटानं ताल धरल्यासारखे मान डोलवत होते. मग त्यांनी घरचं विचारलं. नवरा फौजेत आहे म्हटल्यावर ते एकदम मायेनं बघायला लागले, त्यांचा धाकटा भाऊ फौजेत होता. आणि त्याच मायेनं त्यांनी विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

मी पतंग उडवणाऱ्या मुलाचं नाव सांगितलं.

त्यांनी समोरच्या कागदाकडं बघितलं. आमच्याकडं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतंच, ते तिथं ठळक अक्षरात होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, अगदी स्वच्छ, कारण मला वाटलं माझा उच्चार चुकला. त्यांचा चेहरा बदलला. चष्मा काढून त्यांनी मराठीत विचारलं, "बाई, तुम्ही कोण? कुणाच्या जागी बसलाय?"

मला आधी कळेचना. मग कळलं की दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसलेली तोतया बाई म्हणून ते माझ्याकडं बघत आहेत. मी गडबडून मराठीतच सांगितलं, आमच्यात नाव घेत नाहीत, वर्गात हेच नाव चालत होतं, मॅडमना विचारा. हेडमास्तरांनी मॅडमकडं बघितलं. मीही बघितलं. मला खरोखर वाटलं की आता त्या हसतील, आणि सगळं मिटेल.

मॅडम म्हणाल्या, "मी वाक्यांचा सराव घेतला. खोटी माहिती द्या असं मी कशाला सांगेन?"

त्यांनी ते माझ्याकडं न बघता सांगितलं. वर्गभर आम्हाला लुक ॲट मी म्हणत फिरणाऱ्या बाईनं ते टेबलावरच्या शाईच्या दौतीकडं बघत सांगितलं.

हेडमास्तर काही निर्दयी नव्हते. म्हणाले, ठीक आहे, आता खरं सांगा, मी विषय संपवतो. म्हणजे एका शब्दाचं काम होतं. तो शब्द उच्चारला की कोर्स पास, गावची शाळा, आणि रात्री कुशीत पोर. मी तोंड उघडलं. ते नाव जिभेवर आलं होतं, त्याचं पहिलं अक्षर माझ्या दातांना लागलं होतं. आणि मला चौथ्या घराचं दार दिसलं. मी तोंड मिटलं. मी म्हटलं, लिहून देते. ते म्हणाले, बाई, ही तोंडी परीक्षा आहे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. शेवटी ओळख पटवायला जोडीदारणीला आत बोलावलं. तिनं माझं नाव, गाव, शाळा सगळं सांगितलं आणि नवऱ्याचंही सांगितलं. तोतयेगिरीचा आरोप गेला. तोंडी परीक्षेत मात्र मी नापास झाले. साधी माहिती विचारली असता उत्तर देता येत नाही, असा शेरा होता. त्या साताऱ्याच्या हेडमास्तरांना त्यांच्या बायकोनं उभ्या जन्मात नावानं हाक मारली असेल, असं मला आजही वाटत नाही. रीत त्यांना माहीत होती, माझ्याइतकीच. मराठीत ते मला मामा लागले असते. इंग्रजीत बसले होते म्हणून साहेब झाले.

बातमी माझ्या आधी गावात पोचली. कोर्सला आमच्याच तालुक्यातले एक गुरुजी होते, त्यांनी चवीनं सांगितली असणार. मी दारात पाऊल ठेवलं तेव्हा सासूबाई मुलीला गूळ-भाकरी भरवत होत्या. त्यांनी हातातलं ताट बाजूला ठेवलं नाही, की आवाज चढवला नाही.

"त्येचं नाव घेतलं असतंस तर देवाला नारळ फोडून मोकळी झाली असती मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाव कुठल्या तोंडानं सांगितलंस गं?"

मी पुस्तकातल्या पोराचं नाव होतं म्हणून सांगायला लागले. त्यांनी मुलीच्या तोंडात पुढचा घास घातला आणि म्हणाल्या, पोर हितंच ऱ्हाईल. बदली न्हाई तर न्हाई. मुलगी माझ्याकडं बघत शांतपणे चावत होती. आगीतून उठून फुफाट्यात पडले होते मी, आणि तो फुफाटा माझाच होता.

उन्हाळ्यात नवरा सुटीवर आला. त्यानं सगळं ऐकलं आणि मोठ्यांदा हसला. मला बरं वाटलं. पण दोन दिवसांनी मळ्यात मोटेजवळ बसलो असताना तोच विषय त्यानं पुन्हा काढला. म्हणाला, आमच्या सायबांच्या बायका नावानं हाका मारत्यात, त्यास्नी काय झालं न्हाई. मग तो ढेकळं फोडत बसला. "तेवढ्या लोकांत तुझ्या तोंडनं माझं नाव निघालं असतं तर मला आवडलं असतं," तो म्हणाला. त्याच्याचसाठी मी ते तोंडात धरून ठेवलं होतं, आणि त्यालाच ते हवं होतं. त्याला गोळी लागली नाही. पुढं तो धडधाकट पेन्शनीत आला. सासूबाई सांगायच्या की सुनेनं नाव घेतलं नाही म्हणून पोरगा वाचला. नापास झालेली मी, आणि पुण्य मात्र गावभर.

पुढच्या कोर्सला माझा नंबर लागायला कैक वर्षं गेली. एकदा नापास झालेल्यांना मागं ढकलत होते. ती सगळी वर्षं मी वाडीत काढली. पोर मोठी होताना मी हप्त्याहप्त्यानं बघितली, दर वेळी फ्रॉक आखूड झालेला. शेवटी नंबर लागला तेव्हा शिकवणारे वेगळे होते आणि तोंडी परीक्षेत मला ऋतू विचारले. मी पास झाले. साहेब बदलले होते, पण जागा रिकामीच होती. मी ट्रंक घेऊन घरी आले तेव्हा मुलगी चौथी पास झाली होती. मी रात्री तिचं अंथरूण माझ्याजवळ घातलं. तिनं काही न बोलता ते उचललं आणि आजीजवळ नेऊन घातलं. भांडण नाही, रुसणं नाही. तिची झोपायची जागा ती होती, एवढंच.

जूनमध्ये मी पाचवीला इंग्रजी शिकवायला उभी राहिले. पहिल्या बाकावर माझी मुलगी. मी माझ्यापुरता एक नियम ठरवला होता. कुणाला अडचणीचं होईल असं नाव मी वर्गात विचारणार नाही. वडिलांचं नाव पोरांना दाखल्यापासून पाठ असतं. मी विचारायचं ठरवलं ते आईचं नाव. आईचं नाव पोरांना कधी कुणी विचारत नाही, आणि ते घ्यायला कुठली बंदीही नाही. मला माझी ही युक्ती फार आवडली होती. मॅडमनी असा विचार केला असता तर, असंही वाटून गेलं.

पोरं उठून उठून सांगत होती. काहींना आईचं नाव आठवायला वेळ लागत होता, ती हसत होती, मीही हसत होते. मग माझ्या मुलीची पाळी आली. ती उभी राहिली, मान वर केली, मी शिकवलं होतं तसं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, माय मदर्स नेम इज, आणि पुढं तिनं सासूबाईंचं नाव घेतलं.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती गोंधळली नाही. मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला की मोठ्या माणसाचं नाव त्याच्या तोंडावर घेऊ नये, म्हणून तिनं माझं टाळलं असेल. आमच्या घरचीच रीत ती. पण वर्गाबाहेर पडल्यावर ते तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या दिवशी नाही, तिच्या लग्नात नाही, आजही नाही. ती अजूनही मला बाईच म्हणते.

वाक्यात मात्र एकही चूक नव्हती. मी तिला गुड म्हटलं आणि पुढच्या पोराला उभं केलं.